काठोकाठ भरलेली वाटी

उत्तरेकडच्या तलासहून खिंड ओलांडून कुमुश दक्षिणेतल्या उझगेनला लेकीच्या सासरी आली ती राजम्याचं पोतं आणि एक अट घेऊन. गाडीतून उतरताच तिनं लेकीच्या कानाशी सांगून टाकलं, "माणसं मोकळी वाटली तर आठवडाभर राहीन. नाहीतर संध्याकाळी याच गाडीनं परत."

 बेगायिमचा नवरा रशियात कामाला. बाळ पितं कमी, ओकतं जास्त. रात्र रात्र ती त्याचा श्वास ऐकत पडायची. सासूबाई शारकान वाईट नव्हत्या, पण 'मला भीती वाटते' हे त्यांच्यापुढे म्हणायला जीभ रेटत नव्हती. आई राहायला हवी होती, बस्स.

"विहीणबाई, दक्षिण कुठं लागली वाटेत?" दस्तरखानाशी, जेवणासाठी अंथरलेल्या चादरीशी, तक्क्याला टेकत सासरे एर्गेशबायनी विचारलं.

"चहातलं दूध गायब झालं तिथं," कुमुश म्हणाली. "आणि गाडीवाला पाच मिनिटं माझ्या गुरावासरांची ख्यालीखुशाली विचारत बसला तेव्हा तर खात्रीच पटली."

एर्गेशबाय खो खो हसले. बेगायिमला जरा हायसं वाटलं. तिनं हिरवा चहा इथल्या रीतीनं ओतला, वाटीच्या तळाशी घोटभर, आणि छातीवर हात ठेवून आईपुढे केला. आईनं वाटीत पाहिलं, मग लेकीकडे. नजरेतलं सगळं बेगायिमला वाचता आलं. चहासुद्धा हात आखडून?

सासूबाई पुलावाचं ताट आणायला चुलीकडे गेल्या होत्या. बेगायिमनं पटकन किटली उचलली आणि आईची वाटी माहेरी भरायची तशी काठोकाठ भरली. आईचा चेहरा खुलला.

शारकान ताट घेऊन आल्या, वाटी पाहिली, ताट खाली ठेवलं आणि अंगणात निघून गेल्या. बेगायिम मागोमाग धावली. त्या जर्दाळूच्या झाडाखाली पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"एने, काय झालं?" सासूला 'आई' अशी हाक मारत तिनं विचारलं.

"भरली वाटी म्हणजे प्या आणि वाटेला लागा. या घरात येऊन दोन वर्षं झाली, तुला ठाऊक नाही होय?" सासूबाई वळल्या नाहीत. "सख्ख्या आईला घालवतेस. मी इतकी कजाग आहे, की तिला चार दिवस ठेवून घ्यायचासुद्धा धाक वाटावा?"

बेगायिमला ठाऊक होतं. डोक्याला ठाऊक होतं. हात मात्र अजून तलासचेच होते.

"उलट आहे, एने. ती राहावी म्हणूनच भरली. तिकडे कमी ओतलं की माणूस नकोसा वाटतो." आणि मग बांध फुटला. "बाळ पीत नाही नीट. मी रात्रभर जागी असते. मला सुचत नाही काही."

शारकान वळल्या. "आणि हे मला आज सांगतेस? वेडीच आहेस." ओढणीच्या टोकानं त्यांनी आधी सुनेचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

आत येऊन त्यांनी किटली स्वतः उचलली. घरात सून असताना सासू चहा ओततेय हे पाहून एर्गेशबाय सावरून बसले.

"विहीणबाई," शारकान म्हणाल्या, "आमच्याकडे थेंबभरच ओततात. पुन्हा पुन्हा उठून पाहुण्यापाशी येता यावं म्हणून. भरून दिलं म्हणजे निरोप दिला. पोरीनं भरली ती तुम्ही राहावं म्हणून; बाळ नीट पीत नाही, ओकतं."

कुमुशनं लेकीच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं. भरली वाटी तिनं एका दमात रिकामी केली आणि पुढे धरली. "हा तुमचा निरोप संपवला. आता तुमच्या रीतीनं ओता. फक्त दूध घाला."

"हिरव्या चहात?"

"घाल गं," एर्गेशबाय म्हणाले. "आपल्या म्हातारपणी उत्तर-दक्षिणेची सीमा दस्तरखानावर आलीय."

शारकाननी दूध घातलं, दुसरीकडे बघत. कुमुशनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कसा झालाय?"

"भयंकर. सवय व्हायला आठवडा तरी लागेल." तिनं वाटी खाली ठेवली. "आणा नातीला इकडे. पाजून झालं की उभी धरता का तिला?"

"आम्ही कुशीवर निजवतो."

"कुशीवर?"

दोघी बाळाच्या खोलीकडे निघाल्या, वाद घालत. एर्गेशबाय गाडीवाल्याला 'थांबू नकोस' म्हणून सांगायला उठले. बेगायिम पुलावाच्या ताटापाशी बसली, आणि किती दिवसांनी तिला भूक लागली.