आई येते ते पुस्तक

केसांची काळी पिन, शेवटच्या पानाला खोचलेली... कितीदा सांगितलं, पिना लावू नका, पानं फाटतात—पण ग्रंथपालबाई रागवायला तोंड उघडणार, तेवढ्यात टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून उभी असलेली दुसरीतली बोळकी म्हणाली, "बाई, हे नाही. ह्यात आई येतच नाही."

बाईंनी पिन काढली आणि पुस्तक मिटलं.

मागच्या आठवड्यात अख्खा वर्ग गोल करून बसला होता आणि हेच पुस्तक त्या मोठ्यानं वाचत होत्या—बदकाचं पिल्लू तळ्याकाठी आईची वाट बघतं, बघत राहतं, आणि शेवटी दुसऱ्या बदकांबरोबर निघून जातं... शेवटचं पान उलटलं आणि समोर ही, पुढचे दात पडलेलं तोंड तसंच उघडं, श्वास रोखून. हिची आई चार महिन्यांपूर्वी घर सोडून गेली, हे साऱ्या शाळेला ठाऊक. बाईंची जीभ घसरली—घसरली कसली, आपण होऊन वळवली त्यांनी—"आणि तेवढ्यात आई आली!" काय टाळ्या पिटल्या होत्या पोरीनं! हिला कुठं वाचता येतंय, असं वाटलं होतं. आणि नेमकी आता जोडाक्षरं यायला लागली. घ्या! त्यासाठीच तर जिवाचं रान करत होतो आपण.

"तुम्ही वाचलेलं द्या. आई येते ते."

सांगून टाक ना गं बये, मी खोटं वाचलं म्हणून... पण त्या उठल्या आणि कपाटातून दुसरी प्रत काढून दिली, वेंधळ्यासारखं—जणू त्यात वेगळं छापलेलं असणार होतं. बोळकीनं ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचलं.

"हेपण नाही."

"मग... ते कुणीतरी नेलंय." झालं! एक निस्तरायला गेलो, तर दुसरं.

"कधी आणून देणार?"

"देतील. लवकर देतील."

"बाबापण असंच म्हणतात. लवकर." रागानं नाही, नुसतं सांगितलं तिनं. "मग मी दुसरं नेत नाही. वाट बघते." आणि ती बाकावर जाऊन बसली, हाताची घडी घालून.

तास संपला, मुलं गेली, तीही गेली. परत आलेल्या पुस्तकांचा ढीग लावता लावता बाई प्रत्येकाचं शेवटचं पान उघडून बघत होत्या... बदकाच्या दोनच प्रती, दोन्ही टेबलावर, त्यांनी स्वतःच नोंदवलेल्या. तरी दारात पाऊल वाजलं की आपली मान वर होते आहे, हे ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली.