चार टोपणांचा सिनेमा

"हा कोण?" त्याने विचारलं.

"हॉटेलवाला," ती नवऱ्याच्या कानाशी म्हणाली. "पाहुणा जेवता जेवता खुर्चीतच गेलाय, आणि हा त्याची नाडी कोपरापाशी शोधतोय."

आजूबाजूचे लोक हसले. तो हसला नाही. काळा चष्मा पडद्याकडे आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहत बसावं तसा तो बसला होता.

साखरेच्या आजाराने डोळे नेल्याला दीड वर्ष झालं होतं. तेवढ्या काळात तो दवाखाना सोडून कुठेही गेला नव्हता. ओळखीचे लोक हात धरून रस्ता दाखवतात, ते त्याला नको होतं. आज तिच्या हट्टामुळे दुपारच्या खेळाला आला, तोही बजावून. एकदाच येतो, नाही जमलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. तिने बरं म्हटलं होतं. एकदा बरं म्हटलं की ती शब्द फिरवत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

लोक पोट धरून हसत बाहेर पडतात एवढं ऐकून तिने हा हिंदी सिनेमा निवडला होता. त्यात चार गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि दर दोन मिनिटांनी एक सोडून दुसरी धरावी लागते, हे आत बसल्यावर कळलं. ती एकाचं नाव सांगायची, तोवर पडद्यावर भलताच माणूस आलेला असायचा. पंधरा मिनिटांनी तो मागे टेकला.

"राहू दे. तू बघ."

तिला टोपणं आठवली.

बावीस वर्षं ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करत होती. तिथे रक्ताच्या नळीवरचं नाव नंतर वाचतात, टोपणाचा रंग आधी पाहतात; प्रत्येक तपासणीचा रंग ठरलेला. घरी ऐकून ऐकून ते रंग त्यालाही पाठ झाले होते. तिने गोष्टींना टोपणं लावून टाकली. मेलेला पाहुणा डीप फ्रीझरमध्ये लपवणारा हॉटेलवाला लाल. तोच फ्रीझर पळवायला आलेले दोन भुरटे चोर जांभळे. या सगळ्यांना आधीच विमा विकून बसलेला एजंट पिवळा. आणि हॉटेलच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं होतं, एकमेकांच्या चहात थोडं थोडं विष कालवणारं.

"त्यांना करडं दे," तो म्हणाला. "साखरेचं. चहा आहे ना."

तिला हसू फुटलं. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. तिने आवाज आणखी उतरवला आणि मग दोन शब्दांत काम भागू लागलं. लाल, घाबरलाय. जांभळं, खिडकीतून आत. करडं, म्हातारी कप घेऊन आली. विष घातलेला चहा नवऱ्यापुढे ठेवताना त्याची जीभ भाजू नये म्हणून ती त्यावर फुंकर घालत होती. इतकी दुष्ट आणि इतकी मायेची गोष्ट एकाच कपात मावते, हे सिनेमा लिहिणाऱ्या कुणाला तरी सुचलं होतं आणि त्या माणसाने त्यावर एक शब्दही खर्च केला नव्हता.

मग एजंटाचा कोट घातलेला माणूस पाठमोरा स्वयंपाकघरात शिरला.

"पिवळा," ती म्हणाली.

"नाही. जांभळ्यातला आहे. तो मोठा चोर. पाय घासतोय बघ."

माणूस वळला. चोरच होता, कोट तेवढा एजंटाचा. प्रयोगशाळेत अशी टोपणांची अदलाबदल झाली असती, तर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं असतं. चुकलं माझं, असं तिने सांगितलं.

"आता थोडा वेळ सांगू नकोस."

पडद्यावर फौजदार फ्रीझरला टेकून चहा पीत होता आणि हॉटेलवाला त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता. घडत काहीच नव्हतं. तेवढ्यात तिच्या शेजारची खुर्ची हलू लागली. तो हसत होता. खांदे गदगदत होते, आणि अख्ख्या थिएटरात हसणारा तो एकटाच होता.

"काय झालं हो?"

"मोटर बंद होत नाहीये. झाकण लागलेलं नाही त्याचं. मधे काहीतरी अडकलंय."

तीस वर्षं त्याने फ्रीज आणि फ्रीझर दुरुस्त केले होते. तिने नीट पाहिलं. झाकणाला बोटभर फट होती आणि फटीतून पाहुण्याच्या टायचं टोक बाहेर आलेलं होतं. बाकीच्यांना ते दिसायला मिनिटभर लागलं. मग थिएटर असं हसलं, की पुढचे दोन संवाद कुणालाच ऐकू आले नाहीत. पुढच्या रांगेतले गृहस्थ डोळे पुसत मागे वळले.

"तुम्ही आधी पाहिलाय वाटतं?"

"छे. पहिल्यांदाच बघतोय."

खेळ सुटल्यावर ती दोघं बसथांब्यापर्यंत आली. पुन्हा यायचं का, असं तिने विचारलं नाही. बाकावर बसल्यावर त्याने खिसा चाचपून फोन काढला.

"रविवारी कुठला लागतोय, ते बघून ठेव," असं तिला सांगून त्याने बहिणीला फोन लावला आणि सुरुवातीपासून सिनेमा सांगायला घेतला. पाहुणा, टाय, पाय घासणारा चोर. म्हातारीपाशी आल्यावर तो रंगातच आला. काटकुळी, पांढराशुभ्र एवढासा अंबाडा, नाकावर घसरलेला चष्मा, आणि चष्म्यावरून ती नवऱ्याकडे असं बघते ना, ताई.

मग त्याने फोन तिच्या हातात दिला. म्हातारी खरंच तशी होती का, असं नणंद विचारत होती.

पडद्यावरची बाई ठेंगणी, गोलमटोल, बारीक कापलेल्या केसांची होती. तिला चष्मा नव्हता.

"हो ताई," ती म्हणाली. "अगदी तशीच."

बस येऊन उभी राहिली होती. तो उठला नाही. फोनसाठी त्याने हात पुढे केला. एजंटाचं अजून सांगायचं राहिलं होतं.