शेऱ्याचा रकाना

बाईंचा स्वतःच्या डोळ्यांवर फार विश्वास होता. शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवताना त्या मुलांना एकच गोष्ट बजावत आल्या होत्या : दिसेल ते लिहा, वाटेल ते लिहू नका. त्यामुळे घरच्या जुन्या ट्रकचं अ‍ॅव्हरेज लिटरला पाच किलोमीटरवरून घसरायला लागलं, तेव्हा त्यांची वही आधीपासूनच सुरू होती. टाकी गळ्यापर्यंत भरायची, किलोमीटर टिपायचे, भागाकार करायचा. दोन महिन्यांचा आलेख स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला आणि रेघ जिथून उतरू लागली तिथे लाल बाण काढून लिहिलं : 'चालक बदलला.'

चालक म्हणजे त्यांचा धाकटा दीर. नवऱ्याच्या कंबरेने असहकार पुकारला तेव्हा ट्रक त्याच्याकडे आला होता. आलेखात बाईंनी कुणाला चोर म्हटलं नव्हतं. पण नवरा चहाला बसायचा तो नेमका त्या दारासमोर.

"वहिनी, डिझेल मी पितो का?" दीर म्हणाला. "चढाला गाडी धापा टाकते. एवढा काळा धूर सोडते, की मागचे लोक भर दुपारी दिवे लावतात."

"इंजिन मी दर रविवारी पुसते, भाऊजी. आरशासारखं आहे. कुठे डाग नाही."

"म्हणजे उरलो मीच."

नवरा कप खाली ठेवत म्हणाला, "येत्या रविवारपर्यंत इंजिनात दोष निघाला तर ठीक. नाहीतर किल्ली माझ्या हातात. मी दुसरा माणूस बघतो."

दीर अर्धा चहा तसाच टाकून उठला. तो अर्धा कप विसळताना बाईंना कसंतरीच झालं.

म्हणून त्यांनी शास्त्रीय तपासणी हाती घेतली. ट्रक जागेवरच चालू ठेवला, रबरी नळीचं एक टोक कानात घातलं, दुसरं इंजिनावर फिरवलं आणि वहीत लिहिलं : 'संशयास्पद आवाज : सतरा.' अठरावा आवाज नवऱ्याच्या हसण्याचा होता. तो त्यांनी लिहिला नाही.

सोमवारी मिस्त्री आले. चाळीस वर्षं इंजिनात डोकं घातलेला माणूस. ते वाकले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

"बाई, इथे पान मांडून जेवता येईल."

बाई खुलल्या.

"कौतुक नाही करत, डोक्याला हात लावायची वेळ आली आहे." मिस्त्री सरळ झाले. "हा टर्बो. हा हवा दाबून इंजिनात भरतो. त्या वाटेवर कुठे फट पडली की हवा निसटते, डिझेल अर्धवट जळतं, धूर होतो. उभ्या गाडीत दाब नसतो, फट मिटलेली राहते. ती उघडते चढाला, माल भरलेला असताना. पण हवेबरोबर जरासं तेलही बाहेर येतं, त्यावर धूळ बसते, काळा ओला डाग पडतो. आम्ही तोच डाग शोधतो."

"आणि?"

"आणि तो तुम्ही दर रविवारी पुसता."

बाईंनी हातातलं फडकं पाठीमागे लपवलं.

"औषध सांगू? काही करू नका. रविवारपर्यंत फडकं लावायचं नाही."

बाईंना आयुष्यात इतकं अवघड काम कुणी सांगितलं नव्हतं. हात शिवशिवत होते. गुरुवारी त्या फडकं घेऊन ट्रकपर्यंत गेल्या, दीर आरशातून बघतोय हे दिसलं, तशा परत आल्या आणि धुतलेली शेगडी पुन्हा धुतली.

रविवारी दीर लांबच्या फेरीहून आला. कुणी मागायच्या आत त्याने किल्ली बंपरवर ठेवली आणि बाजूला उभा राहिला. मिस्त्रींनी बॉनेट उचललं. सगळीकडे कोरडी धूळ, आणि टर्बोकडून येणाऱ्या रबरी पाइपच्या वळणाखाली तळहाताएवढा काळा, ओला डाग. मिस्त्रींनी टर्बोच्या तोंडावर झाकण आवळलं, त्यातून बेताने हवा भरली आणि पाइपवर साबणाचं पाणी मारलं. भराभर फुगे आले.

मिस्त्रींनी पाइप चिमटीत दाबला. "बाकीचे टणक आहेत. हा पिकलेल्या फळासारखा झालाय. पुसता कशाने?"

"रॉकेलने," बाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचा वर्ग आठवला.

रॉकेलने रबर फुगतं, मऊ पडतं. दरवर्षी त्या खोडरबर रॉकेलच्या बाटलीत टाकून वर्गात फिरवत. मुलं आ वासून बघत. बाईंना तो प्रयोग फार आवडे.

"कधीपासून?" नवऱ्याने विचारलं.

खोटं बोलायला वाव होता. पण वही हातातच होती. "भाऊजींच्या हाती गाडी गेली त्या रविवारपासून. म्हटलं, आपलं लक्ष असलेलं बरं." त्यांनी पान उघडलं आणि शेऱ्याचा रकाना मोठ्याने वाचला : "'मधल्या पाइपपाशी फडके फार काळे झाले. दुसरे घ्यावे.' पुढच्या रविवारी, 'फडके पुन्हा काळे.' असं सहा वेळा लिहिलंय. दिसलं ते लिहिलं सगळं. वाचलं मात्र एकदाही नाही."

मिस्त्री खोकल्याचं निमित्त करून पलीकडे वळले. नवऱ्याने बंपरवरची किल्ली उचलली, भावाच्या शर्टाच्या खिशात टाकली आणि घसा साफ करून म्हणाला, "चढाला जपून घाल."

माफी मागायची त्याची तीच पद्धत होती. बाईंना ती पुरेशी वाटली नाही. "भाऊजी, चूक माझी. मी तो बाण आत्ता खोडते."

"नको वहिनी. बाण अगदी बरोबर जागी आहे," दीर म्हणाला. "मजकूर तेवढा बदला."

घरात जाऊन बाईंनी 'चालक बदलला' वर रेघ मारली आणि खाली लिहिलं : 'रॉकेल सुरू झाले.'

"प्रयोग कुणी केला, ते नसतं का लिहायचं?" मागून दिराचा आवाज आला.

असतं. बाईंनी सुवाच्य अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. दीर ते वाचत चहाला बसला, कप रिकामा केला आणि आणखी अर्धा मागून घेतला.