कोठारातल्या म्हातारीचा ताप

म्हातारीने श्वास सोडला आणि अख्खं गाव गुडघ्यांवर बसलं.

सकाळचे नऊ वाजले असतील. कापणी नुकतीच संपली होती आणि हवेत चांगलाच गारठा होता. गावाच्या सामाईक कोठारात माणसं दाटीवाटीने उभी होती. मधल्या खांबाभोवती बेचाळीस घरांच्या बेचाळीस पेंढ्या, कणसांसकट गच्च आवळून उभ्या केलेल्या. भोवती गळ्यापर्यंत भुसा, वर एक जुनी शाल आणि शालीवर मातीचं तोंड. हीच कोठारातली म्हातारी. कापणीच्या शेवटच्या दिवशी तिला बसवायचं आणि पाचव्या दिवशी उठवायचं, ही गावाची रीत. राखणदाराने काठीने भुसा बाजूला सारला, तशी तिच्या डाव्या बगलेतून पांढरी वाफ निघाली आणि वळसे घेत छपराकडे गेली.

"जागी झाली! आई जागी झाली!" राखणदार ओरडला. बायकांनी मुलांना पोटाशी धरलं.

विज्ञानाचे मास्तरही गुडघ्यांवर बसले. सगळे बसल्यावर एकट्याने उभं राहणं बरं दिसत नाही, असं त्यांनी नंतर बायकोला सांगितलं. खरं कारण त्यांच्या गुडघ्यांनाच ठाऊक.

मास्तरांना या गावात येऊन तीन वर्षं झाली होती. 'अंधश्रद्धा आणि आपण' हे व्याख्यान त्यांनी याच शाळेत सात वेळा दिलं होतं. सातव्या वेळी तर मुलंच त्यांच्या आधी वाक्यं पुरी करत होती. म्हातारीचा विषय मात्र त्यांनी व्याख्यानात कधी घेतला नाही. गावात राहायचं तर जरा सांभाळून, असा त्यांचा हिशेब. उलट गेल्या वर्षी शाळेच्या वार्षिकात त्यांनी 'आपल्या गावातील एक रम्य लोकपरंपरा' असा चार पानी लेख लिहिला होता. सोबत स्वतः काढलेलं चित्रही होतं. चित्रातली म्हातारी मुख्याध्यापकांसारखी दिसते, असं सगळ्यांचं मत पडलं.

परंपरा रम्य होती ती अशी. ज्या घराची पेंढी गरम लागेल, त्या घरातली एक मुलगी म्हातारीला सोबतीण म्हणून हवी असते. पेंढी गरम लागल्यापासून सहाव्या दिवशी तिने कोठारात यायचं आणि वर्षभर तिथेच राहायचं. झाडायचं, पाखडायचं, राखणदाराच्या घरचं दळायचं. शाळा बंद. बोलणंही बंद, कारण म्हातारी ऐकायला कमी असल्यामुळे दुसरं कुणी बोललं की तिला वाटतं आपल्यालाच नावं ठेवताहेत. हे सगळं राखणदाराला म्हातारीने स्वतः सांगितलं होतं. ऐकायला कमी असलेल्या बाईशी त्याचा संवाद कसा होतो, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. मास्तरांनीही नाही.

राखणदाराने वाफेच्या जागी पेंढीत अंगठा खुपसला आणि डोळे मिटले. "नाडी लागली. बावन्न ठोके. ही उष्णता साधी नव्हे मंडळी, ही पोटातली आहे. शास्त्रज्ञ याला व्हायब्रेशन म्हणतात." मग त्याने एक डोळा उघडला. "काय मास्तर, म्हणतात ना? या, तुम्हीच बघा हात घालून. उगाच आम्ही अडाणी माणसं काहीतरी बोललो असं नको."

सगळ्या माना वळल्या. मास्तर उठले, चष्मा पुसला, विज्ञाननिष्ठ पावलं टाकत पुढे गेले आणि त्यांनी मनगटापर्यंत हात आत घातला.

आत ऊब होती. ओलसर, जिवंत, तापाने फणफणलेल्या माणसाच्या काखेत असावी तशी. बोटांना काहीतरी मऊ लागलं.

"आई गं!" मास्तर किंचाळले. ते कोठाराबाहेर कसे पडले हे त्यांना आजही सांगता येत नाही. एक चप्पल मात्र मागेच राहिली.

"आता तर शाळेनेही मान्य केलं," राखणदार म्हणाला. त्याने पेंढीला बांधलेला दोरा उचलून दाखवला. निळा दोरा, वीटवाल्याचा. वीटवाल्याला एकच मुलगी. दहावीत होती, पहिल्या बाकावर बसायची आणि चार महिन्यांवर तिची परीक्षा होती.

मास्तर घरी पोचले तेव्हा बायको ओसरीत तांदूळ निवडत होती. तिने त्यांच्या पायांकडे बघितलं.

"एकच चप्पल आली?"

"दुसरी येईल."

"स्वतःहून?"

दुसरी चप्पल खरंच आली, वीटवाल्याच्या मुलीच्या हातात. मुलीचे डोळे सुजले होते, पण तिने आधी चप्पल नीट जोडीला लावून ठेवली.

"सर, ती गरम का झाली?"

मास्तर खाकरले. "उष्णता म्हणजे काय, की ऊर्जेचं एक रूप, जे..."

"ते पाठ आहे सर. आमची पेंढी गरम का झाली? सहाव्या दिवशी मला नेतील. आई रडतेय, बाबा विटांवर बसून राहिलेत, काही बोलत नाहीत. कारण कळलं तर मी त्यांना सांगेन तरी."

बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी जे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं, ते त्या दिवशी मोठ्या मुश्किलीने बाहेर पडलं. "मला माहीत नाही गं."

मास्तरांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती, चप्पल टाकून पळतानासुद्धा नाही.

"माहीत नाही काय," बायको सुपातून मान वर न करता म्हणाली, "मांजर कुठे झोपतं ते बघा की."

"मांजराचा इथे काय संबंध?"

"महिनाभर ओरडतेय मी, शाळेच्या मैदानातलं कापलेलं गवत मागच्या दारी टाकू नका, पावसाने भिजलंय, कुजतंय. तुम्ही म्हणालात, खत होईल. गारठा पडल्यापासून मांजर घरात यायचं नाव नाही. रात्रंदिवस त्याच ढिगावर. बाकी सगळं अंगण गार आणि तेवढाच ढीग ऊबदार. त्यात कोण बसलंय, तुमची आजी?"

तिघंही मागच्या दारी गेले. मांजराने नाराजीने जागा दिली. मास्तरांनी हात पुढे केला, मागे घेतला, मुलीकडे बघितलं आणि डोळे मिटून हात आत घातला. ओलसर, जिवंत, फणफणलेली तीच ऊब. मऊही तेच, कुजून लिबलिबीत झालेला पाला. प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणून खुपसला तर पारा चौपन्न अंशांवर गेला.

मग मास्तरांचं डोकं चालू लागलं. ओल्या दाण्यात आणि पाल्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, खातात, श्वास घेतात. भिजलेला दाणाही मोड येताना श्वास घेतो. त्यातून उष्णता निघते. पेंढी गच्च बांधलेली, वरून भुशाचं पांघरूण, मग ती उष्णता जाणार कुठे? हे सगळं नववीच्या पुस्तकात होतं. मास्तरांनी ते बावीस वेळा शिकवलं होतं आणि एकदाही हात घालून बघितलं नव्हतं.

"पण सर," मुलगी म्हणाली, "बाकीच्या एकेचाळीस पेंढ्या गार होत्या. आमची ओली कशी? बाबांनी ती भट्टीशेजारी वाळवली होती. गावात सगळ्यांत कोरडी आमचीच होती."

सांगता सांगताच ती थांबली. म्हातारी बसवली त्या दिवसापासून तिची आजी गल्लीभर सांगत मिरवत होती. राखणदार प्रत्येक पेंढीवर घागरीतल्या पाण्याचे चार थेंब शिंपडतो, पण यंदा त्याने अख्खी घागर आमच्या पेंढीवर रिती केली, केवढी कृपा! गावाने ते डोळ्यांनी बघितलं होतं आणि आजीचा हेवा केला होता. मास्तरांनी तर टाळ्या वाजवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दोन्ही चपला घालून राखणदाराकडे गेले.

"काल माझ्याकडून म्हातारीचा अपमान झाला," ते म्हणाले. "नाडी अर्धवट सोडून पळालो. शाळेच्या व्हरांड्यात तिला पुन्हा बसवावं म्हणतो. प्रत्येक घराने एक पेंढी द्यावी. पाणी मी माझ्या हाताने घालीन."

राखणदार खूश झाला. शिकलेला माणूस शरण आला की त्याचा भाव वाढतो. "मास्तर, तुमचे डोळे उघडले," तो म्हणाला, आणि स्वतःच्या घरची सगळ्यांत जाडजूड पेंढी त्याने स्वतः आणून दिली.

व्हरांड्यात पेंढ्या उभ्या राहिल्या. मास्तरांनी सगळ्या गावादेखत प्रत्येक पेंढीवर एकेक घागर ओतली. लोक हरखले. चार थेंबांच्या जागी घागरभर कृपा, तीही घरटी! विहिरीवरून पाणी वाहता वाहता मास्तरांची कंबर धरली. निळ्या दोऱ्याच्या पेंढीपाशी मात्र ते थांबले आणि म्हणाले, "हिला यंदाचं मिळालंय." ती कोरडीच राहिली, सगळ्यांत बाहेरच्या कडेला. मग भुसा रचला, शाल पांघरली आणि पहाऱ्याला वर्गांच्या पाळ्या लावल्या.

पाच दिवस मास्तर व्हरांड्याभोवती घुटमळत राहिले. "नाही तापली तर?" ते बायकोला विचारत. "तर बदलीचा अर्ज करा," ती म्हणे, आणि दिवसातून दोनदा स्वतःच व्हरांड्यात चक्कर मारून येई. पेंढ्या गार निघाल्या असत्या तर मास्तरांचं हसं झालं असतं, पण मुलीचं वर्ष गेलं असतं. हा फरक त्यांना पहिल्यांदाच नीट कळत होता.

पाचव्या दिवशी मैदान भरलं. मुलीने भुसा बाजूला केला आणि म्हातारीच्या अंगातून चहूबाजूंनी वाफा निघाल्या. लोक गुडघ्यांवर बसायला लागले.

"बसू नका!" मास्तर ओरडले. "या आणि हात घाला. मीही घालतो. किंचाळावंसं वाटलं तर खुशाल किंचाळा, मी सुरुवात करून दिलीच आहे."

लोक हसले आणि पुढे आले. मुलगी थर्मामीटर लावून आकडे वाचू लागली. सुताराची पेंढी, एकेचाळीस. गवळ्याची, चव्वेचाळीस. विणकराची, त्रेचाळीस. राखणदाराची जाडजूड पेंढी सगळ्यांवर कडी करून एक्कावन्नावर गेली. निळ्या दोऱ्याची मात्र गार.

"म्हातारी कोपली!" राखणदार ओरडला. "सगळ्या गावावर कोपली!"

"असेल," मास्तर म्हणाले. "मग तुमच्याच नियमाने तिला एकेचाळीस सोबतिणी हव्यात. सगळ्यांत जास्त ओढ तुमच्या घराची दिसतेय. कोण येतंय?"

"आमच्याकडे..." राखणदाराने घाम पुसला. "सूनबाईला सांधेदुखी आहे. मुलगी नाजूक आहे."

"आणि माझी काय दगडाची आहे?" वीटवाला पहिल्यांदाच बोलला.

मास्तरांनी मांजरापासून घागरीपर्यंत सगळं सांगितलं. आजीने डोक्याला हात लावला. "म्हणजे मी पोरीच्या जिवावर मिरवत होते? आणि माझ्या लहानपणी कोठार आपोआप पेटलं होतं, ते?"

"ओला माल मोठ्या ढिगात फार तापला तर पेटतो, आजी. कुणी कोपावं लागत नाही."

राखणदार काठी टेकत निघाला. त्याच वेळी गर्दीच्या कडेला उभी असलेली एक मुलगी पुढे आली. तिच्या हातात केरसुणी होती. ती विणकराची मुलगी, गेल्या वर्षीची सोबतीण. तिचं वर्ष दुसऱ्या दिवशी संपणार होतं. केरसुणी खाली ठेवून तिने आपल्या घरच्या पेंढीत हात घातला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला.

"गरम आहे," ती म्हणाली. आवाज घोगरा, गंजलेला. वर्षभरात पहिल्यांदा निघालेला. "बाबा, मागच्या वर्षी आपल्या पेंढीवर घागर ओतली होती?"

विणकराने मान खाली घातली. तिने मास्तरांकडे बघितलं. "सर, तुम्ही तेव्हा पहिल्या रांगेत होता."

"होतो," मास्तर म्हणाले. "टाळ्या वाजवत होतो. नंतर लेखही लिहिला. तुला त्यात मी 'मौनव्रती सखी' म्हटलं होतं." मग ते गावाकडे वळले. सात वेळा दिलेलं व्याख्यान पाठ होतं, पण त्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं.

"मला घाबरायला झालं होतं, तुम्हालाही होतं. त्यात लाज नाही. पळालात तरी चालेल, पण परत या आणि 'का' विचारा. उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. आम्ही शिकलेले ते म्हणत नाही, तुम्ही विचारत नाही, आणि मधल्यामधे कुणाची तरी मुलगी आत जाते. एवढंच सांगायचं होतं."

दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात पहिल्या बाकावर दोघी बसल्या होत्या. मास्तरांनी खडू उचलला आणि फळ्यावर धड्याचं नाव लिहायला घेतलं.

"सर, थांबा," विणकराची मुलगी म्हणाली. "मी वर्षभर बोलले नाही. आधी माझे प्रश्न."

मास्तरांनी खडू ठेवला आणि खुर्ची ओढून ते ऐकायला बसले.