शिट्टीची शेपटी

बेनेदिताने बाबाकडे तीन शनिवार मागितले, आणि ते मिळेपर्यंत कोबीचं सूप पार गार होऊ दिलं.

"तीनच का?" बाबाने विचारलं.

"पाच मागितले असते तर तू दिले नसतेस."

आई हसली. बाबा हसला नाही. त्याच्या खिशात पंधरा जूनच्या बसचं तिकीट होतं, त्यांच्या सेतुबाल गावाहून थेट परदेशी, लक्झेंबर्गला. तिथे झेफेरिनोकाका इमारतींना परांच्या बांधायच्या कामावर होता आणि त्याने भावासाठी जागा धरून ठेवली होती. बाबा, म्हणजे अदेलिनो, धारवाला होता. त्याचा बाप धारवाला, त्याचा आजाही धारवाला. सायकलच्या दांडीवर धारेचं चाक, मागे छत्र्या दुरुस्त करायची पेटी, ओठांवर शिट्टी. पण हल्ली लोक बोथट सुरी सरळ फेकून द्यायचे आणि भाजी घ्यायला जाताना नवी आणायचे. चाकापेक्षा सायकलच जास्त फिरत होती.

"ठीक आहे," बाबा म्हणाला. "तिसऱ्या शनिवारी नऊपासून एकपर्यंत चाक थांबलं नाही, तर झेफेरिनोला नाही म्हणून सांगेन. थांबलं, तर तू एक शब्द काढायचा नाहीस. बसस्टँडवर रडायचंसुद्धा नाही."

"कबूल," बेनेदिता म्हणाली आणि गार सूप एका दमात प्यायली. सोळा वर्षांच्या आयुष्यात तिने इतकं गंभीर असं काही कबूल केलं नव्हतं.

तिचा बेत साधा होता. फोनवर बाबाच्या नावाने खातं उघडायचं, रोज स्टोरी टाकायची, गाव जागं करायचं. पहिली स्टोरी तर अशी जमली की तिने स्वतःच ती अकरा वेळा बघितली. चाकाला सुरी टेकते, ठिणग्यांचा झोत उडतो, आणि बरोबर त्याच क्षणी त्या महिन्यात सगळ्यांच्या तोंडी असलेल्या नाचाच्या गाण्याचा ठेका कोसळतो. ठेका आणि ठिणगी जुळवायला तिला दोन तास लागले होते. सहाशे जणांनी बघितली. हृदयांचा नुसता पाऊस.

शनिवारी बाबाकडे दोन माणसं आली. त्यातला एक पत्ता विचारायला.

सोमवारी शाळेत सलोमेने, तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने, तिला मिठीच मारली. "काय भारी गाणं लावलंस गं!"

"आणि सुरी?"

"कुठली सुरी?"

बेनेदिता गणिताच्या अख्ख्या तासात यावर विचार करत बसली. गाण्याने सुरी गिळून टाकली होती. ते गाणं ऐकून माणूस खुर्चीतल्या खुर्चीत डुलतो, पण खुर्ची सोडत नाही. तिला असा आवाज हवा होता की ऐकणारा ताडकन उठला पाहिजे.

असा आवाज गावात एकच होता आणि तो तिच्या घरात राहत होता.

बाबाची शिट्टी कंगव्याएवढी होती, एका कडेला लहानमोठ्या भोकांची रांग. ती ओठांवरून सर्रकन सरकवली की सूर जिना उतरल्यासारखे खाली येतात आणि पुन्हा वर चढतात. ती ऐकू आली की गल्लीतल्या बायका दोन गोष्टी करतात. सुऱ्या, कात्र्या, मोडक्या छत्र्या गोळा करतात आणि दोरीवरचे कपडे आत घेतात. कारण धारवाला आला की पाऊस येतो. विचाराल तर एकही बाई म्हणणार नाही की माझा यावर विश्वास आहे. कपडे मात्र सगळ्याच आत घेतात.

"बाबा, शिट्टी वाजव ना. फोनमध्ये घेते."

"शिट्टी रस्त्यासाठी असते. डब्यात भरायला ती काय सार्डिन मासळी आहे?"

"एकदाच."

"नाही म्हटलं ना."

मग बेनेदिताने शोधला सोपा रस्ता. अॅपमध्ये तयार आवाजांचं भांडार होतं. पाऊस, टाळ्या, घोडे, चर्चची घंटा, आणि चक्क धारवाल्याची शिट्टी! स्वच्छ, खणखणीत, फुकट. तिने ती ठिणग्यांवर चढवली आणि शुक्रवारी संध्याकाळी टाकली. या वेळी खुर्च्या रिकाम्या होणारच, अशी तिची खात्री होती.

शनिवारी कोणीही आलं नाही. एकसुद्धा नाही. आले ते निरोप.

सगळ्यात लांब निरोप दोना एर्मेलिंदाचा होता. त्रोइनो या कोळ्यांच्या वस्तीत तिचं घर होतं. वय ब्याऐंशी, आवाज धक्क्यावरून बोटीपर्यंत पोचेल असा. नातीच्या फोनवरून तिने बोलूनच पाठवला होता: "हा कोण मेला आमच्या अदेलिनोच्या चाकावर बसून शिट्टी वाजवतोय? अदेलिनोची शिट्टी शेवटी वर जाते, थांबते, आणि मग दोन पायऱ्या हळूच उतरते. ह्याची बघा, शेपटी वर करून पळाला! ह्याच्याकडे मी माझी सुरी देणार नाही. अदेलिनो आजारी आहे का?"

बेनेदिताने तो निरोप पुन्हा लावला. हे तिला माहीत होतं! प्रत्येक धारवाल्याच्या घराण्याची शेपटी वेगळी असते, चढउतार सगळ्यांचा सारखा असला तरी. पाळण्यात असल्यापासून ती ऐकत आली होती आणि तरीही तिने दुसऱ्याची शेपटी बापाच्या सायकलला बांधली होती.

बाबा दुपारी घरी आला आणि जेवायला न बसता खिडकीपाशी उभा राहिला.

"मासळीबाजारात विचारत होते," तो म्हणाला, "चाक विकलंस म्हणे. कोणाला विकलंस?"

"बाबा, मी काढून टाकते. आत्ता. हे बघ, काढली."

"माझा बाप वारला तेव्हा सहा महिने मी शिट्टीशिवाय फिरलो. शेपटी नीट जमत नव्हती म्हणून. आणि तू..." त्याने शिट्टी टेबलाच्या खणात टाकली आणि खण लावून घेतला.

दुसरी एखादी असती तर तिथे गप्प बसली असती. बेनेदिता रात्रभर रडली हे खरं, पण सकाळी नाक शिंकरून उठली ती ठरवूनच. चूक कुठे झाली ते आता नेमकं माहीत होतं, आणि नेमकी माहीत असलेली चूक म्हणजे अर्धं काम. त्या म्हातारीने काय म्हटलं होतं? दोन पायऱ्या उतरते. म्हणजे लोकांना ती शेपटी अजून पाठ होती! त्यांचे कान अजून बाबाचेच होते. फक्त त्या कानांपर्यंत पोचायचं होतं.

कपाटावर आजोबांची जुनी लाकडी शिट्टी पडून होती. सोमवारपासून ती घेऊन बेनेदिता इमारतीच्या जिन्यात बसायला लागली. भिंतींवर चकचकीत फरश्या असल्यामुळे तिथे आवाज घुमायचा. आवाज कसला, छळ होता.

"जिन्यात कोणाचं मांजर अडकलंय का?" आईने पहिल्या दिवशी विचारलं. दुसऱ्या दिवशी आईने रेडिओ मोठा केला. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या पोलिसाने वर येऊन अतिशय सभ्यपणे विचारलं की हे किती दिवस चालणार आहे.

"जमेपर्यंत," बेनेदिता म्हणाली.

गुरुवारी दार धाडकन उघडलं. बाबा. एका पायात चप्पल, दुसरा पाय तसाच.

"श्वास गळ्यातून नको, पोटातून! आणि वर गेल्यावर थांबायचं असतं. थांबायचं! तू थांबतच नाहीस. वरच्या पायरीवर गेल्यावर काहीतरी विसरलं म्हणून माणूस दोन पायऱ्या परत उतरतो ना, तसं. दे इकडे."

तिने शिट्टी दिली आणि दुसऱ्या हाताने फोन काढला. लपवला नाही. त्याच्या नाकासमोर धरला.

"चोरून घेणार नाही बाबा. सांग, घेऊ?"

बाबाने फोनकडे दातांच्या डॉक्टरकडे बघावं तसं बघितलं. मग जिन्याकडे, मग पोरीच्या सुजलेल्या ओठांकडे.

"घे," तो म्हणाला. "पण हे असलं मांजर पुन्हा ऐकवू नकोस."

त्याने वाजवली. जिना वरपासून खालपर्यंत भरून गेला आणि खालून पोलिसाने टाळ्या वाजवल्या.

फोनमध्ये मात्र काहीच नव्हतं! म्हणजे बाबाचा श्वास होता, खोकला होता, "झालं?" होतं, पण शिट्टीच्या जागी नुसतं फुसफुसणं. अॅप आवाज साफ करून देतं, आणि त्या अॅपला शिट्टी म्हणजेच कचरा वाटली होती. बेनेदिताने दातओठ खाऊन ती सफाई शोधली, बंद केली, फोन तिसऱ्या पायरीवर भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणाली, "पुन्हा."

सात वेळा "पुन्हा" झालं. सातव्या वेळी कोणाच्या तरी घरातला कुकर मधेच सुस्कारला. बाबा थांबला नाही. तिने तोच ठेवला.

शनिवारी सकाळी तिने ठिणग्या काढून टाकल्या. गाणं नाही, ठेका नाही, नाचणारी अक्षरं नाहीत. पडदा काळा, त्यावर पांढरी ओळ. कारण निम्मं जग आवाज बंद करूनच स्टोऱ्या बघतं, हे एव्हाना तिला कळलं होतं. तिने लिहिलं: "आवाज मोठा करा. खिडकी उघडा." आणि खाली शिट्टी, शेपटीसकट. नऊच्या ठोक्याला सोडून दिली.

बाबा कारंज्याच्या चौकात उभा होता, दर शनिवारसारखा. ती शेजारी. सव्वानऊ. साडेनऊ. एक कुत्रा येऊन चाक हुंगून गेला. बाबाने घड्याळात बघितलं.

पावणेदहाला फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. पहिला आवाज दोना एर्मेलिंदाचा.

"अदेलिनो कुठे आहे? मी चार सुऱ्या घेऊन रस्त्यात उभी आहे! सगळ्या गल्लीत शिट्टी वाजते, खालच्या खिडकीतून, वरच्या खिडकीतून, आणि माणसाचा पत्ता नाही! आम्ही इथे वेड्यासारख्या हातात सुऱ्या घेऊन उभ्या आहोत, एखादा पोलीस आला तर काय सांगू? आणि मी सगळे ओले कपडे आत घेतलेत!"

बेनेदिताने कपाळावर हात मारला. कुठे ते लिहिलंच नव्हतं! लिहायचं सुचलंच नाही, कारण आजवर कोणत्या धारवाल्याने पत्ता लिहिला होता? शिट्टी ऐकू आली म्हणजे धारवाला खिडकीखाली आहे. तिला तेवढंच माहीत होतं, गल्लीलाही तेवढंच.

"बाबा, चाक उचल."

"काय झालं?"

"त्रोइनो. पळ! नाही, पळू नकोस, सायकल आहे ना, चालव!"

बाबाने सायकलवर टांग मारली आणि ती मागून धावत सुटली, चढावर त्याला ढकलत, उतारावर ओरडत. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर दोघंही थबकली. दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर माणसं उभी होती. अॅप्रन बांधलेल्या बायका, टॉवेलात गुंडाळलेल्या सुऱ्या, मासे साफ करायची पाती, शिंप्याची भली मोठी कात्री, काड्या निघालेल्या छत्र्या. वर एकाही दोरीवर एकही कपडा नव्हता. आकाश मात्र निळंशार.

"आला!" कोणीतरी ओरडलं.

"खरा आहे का बघा आधी!" दोना एर्मेलिंदा म्हणाली. "वाजव रे."

बाबाने खणातून परत काढलेली शिट्टी ओठांना लावली. सूर उतरले, चढले, वर थांबले. मग दोन पायऱ्या, हळूच.

"आमचाच आहे," म्हातारी म्हणाली आणि तिने पहिली सुरी पुढे केली. "पाऊस कुठाय?"

"मागून येतोय," बाबा म्हणाला. "तो चालत येतो, मी सायकलवर आलो."

चाक फिरायला लागलं. तेरा तारखेला संत अंतोनियोचा सण, घरोघरी सार्डिन भाजायची होती, सगळ्यांनाच घाई होती. बेनेदिता नंबर लावत होती, छत्र्यांना चिठ्ठ्या बांधत होती. एक वाजला. दीड. दोन वाजता कोणीतरी बाबाच्या तोंडात तळलेल्या माकुळ मासळीचा पाव कोंबला, तेव्हाही त्याचा पाय पेडलवरच होता.

अडीचला शेवटची कात्री झाली आणि बाबाने घाम पुसला.

"नऊ ते दहा," तो म्हणाला, "चाक थांबलं होतं."

बेनेदिताच्या तोंडात दहा उत्तरं आली. ती चूक माझी होती, शिट्टीची नव्हती. अडीचपर्यंत चाललं की! पण तिने कबूल केलं होतं, एक शब्द काढायचा नाही. तिने ओठ घट्ट मिटले. इतके, की सुजलेला ओठ दुखला.

बाबाचा फोन वाजला. झेफेरिनोकाका. हात तेलकट, म्हणून बाबाने आवाज मोठा करून फोन पेटीवर ठेवला.

"अरे, सकाळी पोरीचं ते ऐकलं," काका म्हणाला. "आपल्या बापाची शेपटी! तुला सांगतो, बायकोने बाल्कनीतले सगळे कपडे आत घेतले. इथे, लक्झेंबर्गात! बरं, पंधराला तू निघालास की इथे स्टँडवर मी येतोच घ्यायला."

तेवढ्यात दोना एर्मेलिंदा दारातून पुन्हा बाहेर आली. काखेत एक प्रचंड काळी छत्री, नवऱ्याची, सगळ्या काड्या मोडलेली.

"ही राहिलीच. आज होणार नाही ना? मग पुढच्या शनिवारी. पण आधी नीट सांगा, कुठे येणार ते!"

बाबाने छत्री हातात घेतली. उघडली, काड्या मोजल्या, कापड सूर्याकडे धरून बघितलं. मग पेटीवरच्या फोनकडे वाकला.

"झेफेरिनो, पुढचा शनिवार म्हणजे पंधराच ना?"

"हो. का रे?"

"नाही जमणार," बाबा म्हणाला. "त्या दिवशी मी त्रोइनोला आहे."

आणि बेनेदिताकडे वळून त्याने शिट्टी पुढे केली. "आता बोल काय ते. पण आधी लिही. पत्ता लिही."