आतल्या बाजूची कडी

मी एका दाराची कडी बोलतेय. आधी सांगा, तुम्ही कोण? आणि मागे आणखी कोणी उभं आहे का? रागावू नका हं. कडीच्या जातीला संशय लागतोच. भोळी कडी काय कामाची?

पर्वत पाटिया भागातल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून मला योगराज नावाच्या माणसाने घेतलं. तो लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कामाला होता. मला वाटलं, आता आपण घरात बसून चोरांवर नजर ठेवणार. तर या बाबाने मला ठोकलं दाराच्या बाहेरून! पाळीला जाताना तो बायकोला, रंजनाला, आत कोंडायचा आणि वर मला ओढून खात्री करायचा. ती कुणाशी बोलते, गॅलरीत कशाला जाते, एवढाच त्याला घोर. माझ्याहून संशयी प्राणी मी तोवर पाहिला नव्हता.

एका दुपारी रंजनाने आतून दार असं गदागदा हलवलं की माझे स्क्रूच उखडले. दोघी सुटलो. जाताना तिने मला मुठीत घेतलं. वाटेत कोणी अडवलं तर डोक्यात घालायला, दुसरं काय!

भेस्तानला एका ख्रिस्ती संस्थेचा बायकांसाठी निवारा आहे. मालतीबाई तो सांभाळतात. रंजनाला तिथे जागा मिळाली, पण झोप मिळेना, कारण खोल्यांना आतून कडीच नव्हती. "बिनकडीनी खोलीमा मी झोपाव नही," असं तिने आपल्या खान्देशी बोलीत सांगून टाकलं आणि दाराला पाठ टेकून बसून राहू लागली. मी तिच्या पदरात. महिना झाला, डोळे खोल गेले. चलथाणजवळ निवाऱ्याची नवी इमारत होणार म्हणून कळलं, तेव्हा तिने एकच विचारलं, "तिथे तरी कडी असेल ना?" मालतीबाई म्हणाल्या, "नाही." रंजना म्हणाली, "मग तिकडे हलायच्या दिवशी मी निघून जाते." आणि योगराजच्या घराशिवाय तिला जायला जागा नव्हती.

इमारतीचे नकाशे काढायला परदेशातून आर्किटेक्ट मंडळी आली. स्वतःच्या खर्चाने, फुकट काम करायला! ऐकूनच मी सावध झाले. समुद्रापलीकडून कोणी उगाच येतं होय? शेजारच्या बायका कुजबुजत होत्या, "आधी घर देतील, मग धर्म बदला म्हणतील." मी कान टवकारून होते. रोज सकाळी ती मंडळी गोल उभी राहून, डोळे मिटून प्रार्थना करायची. डोळे मिटणाऱ्यांचा मला भरवसा नाही. आमच्या धंद्यात ते चालत नाही. पण कुणाला गोलात ओढताना मात्र मी त्यांना पाहिलं नाही. अजून तरी.

मग त्यांनी चलथाणच्या मोकळ्या जमिनीवर चुन्याच्या फक्कीने खऱ्या मापाच्या खोल्या आखल्या. दुभाष्या प्रियाने बायकांना सांगितलं, "समजा, ही तुमची खोली. आत जा आणि घरी आल्यावर जे करता ते करा." एकीने हवेतच चहा ठेवला. एक आडवी झाली. हशा पिकला.

रंजना आत गेली, वळली, हात उचलला आणि नसलेल्या दाराची नसलेली कडी लावली. मग ती ओढून बघितली. हसणं थांबलं. भिंत नाही, दार नाही, पण त्या रेघांच्या आत ती प्रथमच दाराकडे पाठ करून मोकळी बसली.

त्या मंडळींतली वयस्क बाई ते बघत होती. "आतून कडी का नाही?" तिने विचारलं. मालतीबाई म्हणाल्या, "एका पोरीने आतून दार लावून घेतलं होतं. फोडेपर्यंत उशीर झाला. मला पुन्हा ते बघवणार नाही." आता त्यांना तरी काय बोलायचं? मला दोघींचंही पटत होतं.

बाईने दुसऱ्या दिवशी कागदावर नवं दार काढून आणलं. कडी आतून, पण वेळ पडली तर मालतीबाईंना बिजागऱ्या बाहेरून सोडवता येतील. म्हणजे फटच ठेवली की! पण तिने ते लपवलं नाही. रंजनालाच विचारलं, "चालेल का?"

रंजना म्हणाली, "आधी नावाने हाक मारायची. मी 'नको' म्हणाले तर दाराला हात लावायचा नाही. मी ओ दिलीच नाही, तरच उघडायचं."

मालतीबाईंनी मान डोलावली. आणि पदरातून मला काढून रंजना म्हणाली, "कडी हीच लावा."

इमारत उभी राहिली. आता मी आतल्या बाजूला आहे. रंजना झोपते, घोरतेसुद्धा.

परवा तीच मंडळी तयार इमारत बघायला आली. टकटक झाली. "रंजनाताई, आम्ही आलोय. खोली बघू का?" प्रियाचा आवाज. रंजना पलंगावर बसूनच म्हणाली, "आत्ता नको."

मी अंग आवळलं. मला पुढचं पाठ आहे. आधी शिव्या, मग लाथ, मग खांदा. ज्यांनी घर बांधलं त्यांनाच नको म्हटलं होतं ना!

"बरं," प्रिया म्हणाली. पावलं परत गेली.

बऱ्याच वेळाने रंजनाने स्वतःहून मला सरकवलं. समोर ओट्यावर ती मंडळी चहा पीत बसली होती, दाराकडे पाठ करून.

माझा संशय गेलेला नाही, तो जायचाही नाही. पण तुम्ही कधी आलात तर नाव सांगा. आणि 'आत्ता नको' ऐकू आलं, तर ओट्यावर जागा आहे.