उलटी चिन्हं

सहादेव सरांचा लाल पेन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. राजूरच्या त्या ज्युनिअर कॉलेजात बावीस वर्षांत गणितात त्यांना उलट विचारायची कुणाची छाती झाली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिथंच सगळं बिघडलं.

बारावीच्या चाचणीत जो पहिला येईल त्याला नगरच्या मोफत गणित शिबिरात जागा मिळणार होती. समर्थ पहिला आला, जया दोन गुणांनी मागं राहिली. दोन व्हेक्टरना लंब असलेला, एक लांबीचा युनिट व्हेक्टर काढा, एवढाच तीन गुणांचा प्रश्न. जयाच्या उत्तरात तिन्ही चिन्हं सरांच्या उत्तराच्या उलट होती, म्हणून सरांनी फुली मारली. ती पेपर घेऊन जागेवर जाऊन बसली.

आज वर्गात तेच गणित सोडवताना समर्थनं फळ्यावर गुणाकाराचा क्रम उलटा घेतला, आणि उत्तर आलं ते नेमकं जयाचं.

"आता ताळा कर, म्हणजे कळेल कुठं माती खाल्ली ते," सर गुरगुरले.

समर्थनं ताळा केला. पहिल्या व्हेक्टरशी डॉट प्रॉडक्ट शून्य, दुसऱ्याशीही शून्य, म्हणजे दोघांना लंबच. लांबी एक. म्हणजे हेही उत्तर बरोबर. टेबलावर दोन पेनं आडवी ठेवली तर तिसरं त्यांना लंब असं वर उभं धरता येतं, तसंच टेबलाखालीही धरता येतं. नमुना उत्तराच्या नादात एवढी साधी गोष्ट सर विसरले होते.

शिबिराची यादी चार वाजता जायची होती. तास संपताच त्यांनी जयाला थांबवलं.

"पेपर आण तुझा. यादीत तुझं नाव घालतो. समर्थला काय सांगायचं ते मी बघतो."

जयानं पेपर पुढं केला. फुलीच्या खाली तेच गणित पेन्सिलनं सात वेळा सोडवलेलं होतं. दर वेळी शेवटी चिन्हं खोडून उलटी केलेली.

"हे काय गं?"

"लई येळा केलं सर. दर येळी माजंच उत्तर येतंय. मंग शेवटी चिन्हं पलटायची सवय लावून घेतली."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, चूक माझी होती. तुझं बरोबर होतं." त्यांनी खडू तिच्यापुढं धरला. "हे घे, तूच ताळा करून बघ."

जयानं फळ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"कशाला सर? तुमी म्हनताय म्हंजे बरोबरच असंल."